अर्जात नसलेली घोडी

शनिवार, १९ ऑक्टोबर ते सोमवार, २१ ऑक्टोबर.

हजर: शैला, आमच्या ट्रस्टची खजिनदार, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. सलमा, सोलापूरची, आमच्या वतीने जिल्ह्यात फिरून अर्ज भरून घेणारी. पोपटराव, कुर्डुवाडीचे, जीपचे मालक आणि चालक. आणि मी, यादी करणारी.

गैरहजर: बाकीच्या तिघी विश्वस्त. एकीकडे बारसं, दुसरीचा गुडघा, तिसरीने कारण कळवलं नाही.

आमचा ट्रस्ट म्हणजे पुण्यातल्या एका कॉलनीतल्या पाच बायकांची मोडलेली भिशी. बारा वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की भिशीतून मिक्सर आणि कुकर पुष्कळ झाले, आता त्यातून दुसऱ्या बायकांचं आणि मुलींचं काही होतं का बघू. पुढे इतरही लोक देणग्या द्यायला लागले. दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही छोटी छोटी अनुदानं देतो. एरवी कागद वाचूनच ठरवतो. या वेळी जाऊन बघायचं ठरलं, कारण सोलापूर जिल्ह्यातून बारा अर्ज आले आणि त्यांतले नऊ शिलाई मशीनसाठी होते. शैला म्हणाली, "एवढं शिवलेलं घालणार कोण, ते तरी बघून येऊ."

हे लिहिते आहे ते आमच्या देणगीदारांसाठी. पैसे पोचले एवढं तुम्हाला कळवतो. कुठे पोचले, ते आम्हालाही या वेळीच नीट कळलं.

शनिवार, करमाळ्याकडे

कुर्डुवाडीला सकाळी उतरलो तेव्हा सलमा हातात डबा घेऊन फलाटावर उभी होती. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. पुण्यात आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी म्हणजे कोरडा भुगा असतो. इथली कुटून कुटून तेल सोडायला लावलेली, बोटांना चिकटणारी. सलमा म्हणाली, "घाई करू नका ताई, भाकरी मोडून चटणीवर दाबायची, मग उचलायची." शैलाने दाबली आणि पुढचा अर्धा तास काही बोलली नाही, हे मी वेळ लावून बघितलं आहे.

पोपटरावांच्या घरातले बाकी सगळे पुरुष रेल्वेत आहेत. "घरातले समदे रुळावर, मी येकटाच रस्त्यावर," हे वाक्य त्यांनी तीन दिवसांत चार वेळा ऐकवलं आणि चारही वेळा स्वतःच आधी हसले.

करमाळ्याच्या पुढे एका गावात लताबाईंच्या गटाला आम्ही दोन वर्षांपूर्वी तीन मशीन दिली होती. लताबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. पहिलं मशीन त्यांची सून चालवत होती, आणि खरंच चालवत होती: बाजूला ब्लाउजांचा ढीग, शाळेच्या गणवेशांची दुरुस्ती, दारात दोन गिऱ्हाइकं. दुसरं मशीन शेजारच्या घरात होतं. त्यावर टीव्ही. तिसऱ्यावर भरतकामाचं सुंदर आच्छादन आणि त्यावर दिवाळीच्या पिठांचे डबे.

लताबाईंना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. गाव शंभर घरांचं, त्याला एक शिवणारी पुरते, तिघी बसल्या तर तिघींचंही भागत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग यंदा आणखी दोन मशीन का मागितली, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि पोह्यांची दुसरी बशी पुढे सरकवली. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात. इथे विचारत नाहीत, चहा येतो. नाही म्हणण्याचा प्रसंगच नाही.

परतताना कमळाभवानीच्या देवळाजवळची बारव बघायला उतरलो. पायऱ्या शैलाने मोजल्या, मीही मोजल्या. आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजायला वेळ नव्हता, कारण संध्याकाळपर्यंत माळशिरस गाठायचं होतं.

टेंभुर्णीच्या अलीकडे मी दुसऱ्या दिवसाचे अर्ज वाचायला काढले आणि कळलं की चष्मा नाही. प्रवासाच्या यादीत बावीस वस्तू होत्या, चष्मा सातव्या क्रमांकावर, त्यापुढे खूणही केलेली. लताबाईंना फोन लावला. चष्मा तिसऱ्या मशीनच्या आच्छादनावर, डब्यांशेजारी होता. शैला म्हणाली, "चला, त्या मशीनचा काहीतरी उपयोग झाला."

रविवार, माळशिरस तालुका

मुक्काम गावातल्या लॉजवर केला आणि सकाळी निघालो. तासाभरात कालवा लागला. कालव्याच्या अलीकडे ऊस, पलीकडे माळ: खडे, बोरी-बाभळी, लांबवर मेंढरं. मध्ये एक अरुंद पूल. कठडा नाही, खाली पाणी भरून वाहत होतं आणि त्याचा आवाज जीपच्या इंजिनाच्या वर येत होता. पोपटरावांनी नमस्कार करून गाडी घातली. वस्तीकडे जायला आणि वस्तीतून निघायला हा एकच रस्ता.

वस्ती मेंढपाळांची. पावसाळा इथे काढायचा, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, ते पुढच्या पावसालाच परत. पुरुष मेंढरांमागे. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला. भांडी, घोंगडी, कोंबड्या, कुत्र्याची पिल्लं, चालता न येणारी मुलं, सगळं घोड्यावर.

देवळापुढच्या लिंबाखाली बायका जमल्या होत्या. गटाच्या प्रमुख सखूबाई साठीच्या. गुडघ्यामुळे दोन वर्षं त्या मेंढरांमागे जात नाहीत, एकट्याच मागे राहतात. त्यांच्या गटाचा अर्ज पाच शिलाई मशीनसाठी होता. मी म्हटलं, आधी अर्ज सगळ्यांसमोर वाचून घेऊ, पण माझा चष्मा करमाळ्याला आहे. सलमा पुढे झाली, तर सखूबाईंनी तिला हाताने थांबवलं. "आमच्या कोमलला वाचू द्या. धावीला हाय."

कोमल उठली. लांब वेणी, शाळेचाच पांढरा शर्ट. वर्गात उभं राहून वाचावं तसं तिने स्वल्पविरामांसकट वाचायला घेतलं. "कलम तीन. कोणत्या वस्तूसाठी अनुदान हवे आहे? कंसात, उदाहरणार्थ, शिलाई मशीन. कंस पूर्ण. कलम चार. पगार, जेवण व भाडे यांसाठी अनुदान दिले जाणार नाही."

मागून एक बाई म्हणाली, "बगा, तुमीच लिवलंय की."

खरं होतं. फॉर्म मीच तयार केला होता. लोकांना कळावं म्हणून एक उदाहरण घातलं होतं. मी विचारलं, इथे शिवता कुणाला येतं? कुणालाच येत नव्हतं. घोंगडीला टाके घालता येतात तेवढं.

"मग मशीन आली असती तर काय केलं असतं?"

"झाकून ठिवली असती," सखूबाई म्हणाल्या. "दिलेली वस्तू, परत कशी करायची?"

"मग मागितलीच कशाला?"

"न्हाय मागितली तर तुमी कुटं आला असता?"

शैला माझ्याकडे बघत होती. सलमा खाली बघत होती. तिनेच सगळीकडे तो फॉर्म वाचून दाखवला होता, आणि सगळ्यांनी कंसातलं उदाहरण हेच उत्तर समजून लिहायला लावलं होतं. मी कोमलच्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. कंसातलं विसरा, म्हटलं. काय हवंय?

मग कोमलची आई सुलाबाई, तोवर मागे बसून सुपात ज्वारी निवडणारी, म्हणाली, "दार."

एकदा दार निघाल्यावर बाकीचं भराभर आलं. वस्तीतले मुलगे शिकायला तालुक्याच्या वसतिगृहात राहतात. मुलींना तिकडे ठेवायला आईबापांची छाती होत नाही, म्हणून मुली मेंढरांबरोबर निघतात आणि दिवाळीनंतर शाळा सुटते. या वस्तीतली एकही मुलगी अजून दहावीच्या परीक्षेला बसलेली नाही. कोमल दहावीत आहे. तिच्या मागे आणखी सात जणी, पाचवी ते नववी. सखूबाईंच्या घराला मागची मोठी खोली आहे. तिला दार नाही, दिवा नाही, जवळ संडास नाही. एवढं झालं तर आठही मुली सखूबाईंजवळ राहून शाळेत जातील. ज्वारी आईबाप भरून ठेवतील. पण सखूबाईंच्या गुडघ्याला आठ मुलींचं झेपणार नाही, अजून एक बाई मागे ठेवावी लागेल, आणि मागे राहणारीचं वर्षाचं उत्पन्न बुडेल, तर तिला काहीतरी द्यायला हवं.

म्हणजे पगार. म्हणजे कलम चार.

जेवायला हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. शैलाने भाकरी मोडता मोडता तिचं म्हणणं मांडलं, आणि ते चुकीचं नव्हतं. वस्तू एकदा दिली की आपलं काम संपतं. माणसाला दरवर्षी लागतं. पुढच्या वर्षी आपल्याला जमलं नाही तर आठ मुली अर्ध्यावरून परत रानात. म्हणून तर तू कलम चार घातलंस. मी म्हटलं, हो, मीच घातलं. कलम घालताना आम्ही पाच जणी माझ्या गॅलरीत बसलो होतो आणि समोर ढोकळा होता, एवढंच मला आठवतं.

जेवणानंतर शैलाने सवयीने कोमलला वर्तुळावरचं एक गणित घातलं. कोमलने अंगणात काडीने आकृती काढली, चुकली, सगळं पायाने पुसलं, आम्ही काही बोलायच्या आत दुसऱ्या टोकाने सुरुवात केली आणि उत्तर आणलं. शैलाने वाकून आकृती तपासली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तीन वर्षांचं आधी बाजूला काढायचं, मगच हो म्हणायचं. एका वर्षाचं आश्वासन मी देऊ देणार नाही." मी लिहून घेतलं.

दुपार कलताना कोमलचे वडील बिरूदादा मेंढरं घेऊन आले. मी मनात मुलींच्या शिक्षणाचे सहा मुद्दे क्रमाने लावून ठेवले होते. एकाचीही गरज पडली नाही.

"शिकू द्या की," ते म्हणाले. "आमी कुटं न्हाय म्हणतो? पर पाखरीला कोण धरणार?"

मला ती सबब वाटली. सुलाबाईंनी मान हलवली, सबब नव्हती. पाखरी त्यांची तांबूस घोडी. शिंगरू असतानाच तिची आई गेली. कोमलने तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, आणि पाखरी कोमलशिवाय कुणामागेही चालत नाही. दुसरं घोडं म्हातारं आणि गरीब आहे, ते कुणाच्याही मागे येतं, पण निम्मं बिऱ्हाड पाखरीवर असतं. गेल्या वर्षी कोमलला दोन दिवस ताप आला, तर बिऱ्हाड दोन दिवस एका उसाच्या कडेला अडकून पडलं आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागल्या. त्यातून निघायच्या दिवशी कालव्याचा पूल. पाण्याच्या आवाजाला पाखरी बुजते. कोमल तिच्या कानाशी बोलत बोलत तिला पलीकडे नेते.

दार, दिवा, संडास, पगार असं मी लिहिलं होतं. पाचव्या ओळीत लिहिलं: घोडी.

शैलाला उपाय सुचला. "दुसरी घोडी घेऊन देऊ. वस्तूच आहे, कलमातही बसते."

"आन् हिला काय इकू?" बिरूदादांनी विचारलं.

"इकायची न्हाय," कोमल म्हणाली. न विचारता दिवसभरात ती एवढंच बोलली.

सुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी धरते तिला."

"मिरगाला लाथ मारली हुती तुला. इसरलीस व्हय?"

"मारंना का. वीस वर्सं तुमच्यासंगं चालले, घोडीसंगं न्हाय चालायची?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बिरूदादाही पटका सारखा करत हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं टिपलं आहे: "भाऊबिजेपातूर तिला पूल वलांडू दे. कोमल ऱ्हाईल. न्हाय वलांडला, तर मला दुसरं काय करता येत न्हाय."

सोमवार, तिथेच

सकाळी उजाडताच गेलो. कोमलची शाळा दहाची, त्याआधी एक प्रयत्न करायचा होता. पाखरीवर खरंच निघाल्यासारखी भांडी आणि घोंगडी लादली. कोमल दिसली तर घोडी हलणार नाही, म्हणून तिला सखूबाईंच्या मागच्या खोलीत उभं केलं आणि दाराच्या जागी घोंगडं टांगलं. शैला घोंगड्याशी उभी राहिली.

सुलाबाईंनी कासरा धरला आणि मागे न बघता चालू लागल्या. पाखरी उभीच. मग कान हलले, एक पाऊल, दुसरं. घोंगड्यामागून कोमलचा बारीक आवाज, "कुटं पोचली?" शैला हळूच सांगत होती: गोठा. आता उकिरडा. आता बाभूळ. बाभळीशी पाखरी थांबली, मान वळवली, कान मागे पाडले. मला वाटलं आता सुलाबाई ओढतील. त्यांनी ओढलं नाही. घोडीच्या गळ्यावर हात ठेवून त्याही थांबल्या, जणू बाभळीपाशीच त्यांचं काही काम होतं. माझ्या घड्याळाने चार मिनिटं. मग पाखरीने पुढचा पाय उचलला.

त्याच वेळी, आम्हाला सोडून डिझेल भरायला गेलेले पोपटराव जीप घेऊन परत आले आणि आल्याची वर्दी म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला. पाखरी वळली ती तडक खोलीपाशी. घोंगडं खाली, एक पातेलं उकिरड्यात, शैला भिंतीला चिकटलेली, आणि कोमलच्या खांद्यावर घोडीचं तोंड. पोपटरावांना सगळ्यांनी मिळून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ते परतीच्या वाटेवर रुळाचा विनोद विसरले, एवढं सांगते.

सुलाबाईंनी पातेलं धुऊन पुन्हा लादलं. "बाबळीपातूर आली की," त्या म्हणाल्या. "उद्या हौदापातूर."

परतल्यावर

आज वसुबारस. भाऊबिजेला सहा दिवस आहेत. यादी अशी.

चष्मा आला. लताबाईंनी ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला, सोबत शेंगांची चटणी. चष्म्याला अजून लसणाचा वास येतो.

फॉर्ममधला कंस काढला. सलमा बाकीच्या आठ मशीनवाल्या गटांकडे पुन्हा जाते आहे, या वेळी फॉर्म न घेता. लताबाईंच्या गटाला खरं म्हणजे काय हवं होतं हे तिला पहिल्याच फेरीत कळलं: बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या बायकांसाठी संडास. दोन वर्षं त्यांनी आमच्या मशीनवर पीठ ठेवलं आणि हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं.

कलम चार बदललं. पाचही जणींच्या सह्या झाल्या. तिसऱ्या विश्वस्तबाईंनी सही केली, पण कारण याही वेळी कळवलं नाही. तीन वर्षांचं शैलाने बाजूला काढून ठेवलं आहे, आणि त्याला हात लावाल तर बघा, असं सगळ्यांना बजावलं आहे.

माळशिरसचा सुतार वस्तीवर जाऊन दाराचं माप घेऊन आला. कडी आतून, हे सुलाबाईंनी त्याला दोनदा सांगितलं. संडासाचा खड्डा खणून झाला, खोलीत दिवा लागला. बाकीच्या सात मुलींच्या घरून होकार आला आहे. सखूबाईंबरोबर राहायला त्यांची नणंद तयार आहे, फक्त ती घोरते अशी मुलींची तक्रार आहे.

सलमाचा निरोप रोज संध्याकाळी फोनवर येतो. मंगळवारी: हौदापर्यंत. गुरुवारी: देवळापर्यंत, भांड्यांसकट. शनिवारी: डांबरी रस्त्यापर्यंत, एक ट्रक गेला तरी उभी राहिली. काल: पुलापर्यंत. पुढचे दोन पाय पुलावर ठेवले, पाण्याचा आवाज ऐकला आणि मागे घेतले. सुलाबाईही तिच्याबरोबर मागे आल्या आणि दोघी कडेच्या गवतात बसून राहिल्या, असं सलमाने लिहिलं आहे. कोमल त्या वेळी घरी अभ्यास करत होती. तिला येऊ दिलं नाही.

आताच शैलाचा फोन येऊन गेला. मी हॅलो म्हणायच्या आत तिने विचारलं, "पूल?"

म्हटलं, अजून नाही.

बाकी सगळ्या ओळींपुढे 'झालं' नाहीतर 'चालू' अशा खुणा झाल्या आहेत. एक ओळ तशीच आहे. काम: पाखरी, पूल. कोणी करायचं: सुलाबाई. कधीपर्यंत: भाऊबीज. तिथे मी चष्म्यासारखी आधीच खूण करून ठेवलेली नाही.